ठाण्याचे एक मराठी शाळामास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तीत तारखेच्या खाली बारीक अक्षरांत तिथी, नक्षत्र, सूर्योदयाची वेळ, एखादे ग्रहण, एखादा सण असे पुष्कळ काही छापलेले असते. अमुक दिवशी पाडवा, अमुक दिवशी संक्रांत, अमुक रविवारी ईस्टर, हे आपण तीत पाहून एकमेकांस सांगतो. परंतु तो दिवस कोणी ठरविला, कोणत्या गणिताने ठरविला आणि ते गणित बरोबर आहे की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांस पडतो. ज्या एका गृहस्थांनी हा प्रश्न मनापासून विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आपले आयुष्य वेचले, ते कोणी राजज्योतिषी नव्हते की विश्वविद्यालयातील अध्यापक नव्हते. ते मराठी शाळेचे मास्तर होते आणि त्यांच्या नोकरीची काही वर्षे आपल्या ह्या ठाणे शहरातच गेली. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

प्रस्तुत लेखात दीक्षितांचे चरित्र आणि कार्य विद्यार्थ्यांस समजेल अशा रीतीने सांगण्याचा आमचा विचार आहे. ओघाने पंचांगाचे थोडे गणित येईल. परंतु बेरीज, वजाबाकी व भागाकार येणाऱ्या कोणाही मुलाने अगर मुलीने त्यास भिण्याचे कारण नाही.

दीक्षितांचा जन्म १८५३ च्या जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील मुरूड ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. ज्या गावाशी पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव जोडले गेले, तेच हे मुरूड. दीक्षितांच्या जन्मापूर्वी तीनच महिने, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत उतारूंची पहिली आगगाडी धावली होती व पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. म्हणजे आपल्या प्रांतातील आगगाडी आणि दीक्षित हे एका वयाचे होत. प्राथमिक शिक्षण आटोपल्यावर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण घेण्यास गेले. १८७४ साली ते मॅट्रिकची परीक्षा उतरले. त्यापुढे विश्वविद्यालयाची एकही पदवी त्यांच्या नावापुढे लागली नाही. त्याच वर्षी त्यांनी शाळेची नोकरी धरली आणि ती मरेपर्यंत सोडली नाही.

ही नोकरी त्या काळी कशी होती हे आजच्या मुलांस सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते १८५५ साली स्थापन झाले. त्यापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा असत. ओसरीवर अगर देवळात मुले जमत, धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पावकी, निमकी, औटकी मोठ्याने घोकीत. नवे खाते आले तशी छापील क्रमिक पुस्तके आली, भिंतीवर नकाशे आले, हजेरीपट आले आणि वर्षातून एकदा परीक्षा घेण्यास येणारे डेप्युटी आले. मास्तरांची आज एका तालुक्यातून तर उद्या दुसऱ्या तालुक्यात बदली होई. पगार बेताचा असे. लहान गावी ग्रंथालय नाही, दुर्बीण नाही, ज्याच्याशी शास्त्राचा एखादा मुद्दा बोलावा असा सोबतीही बहुधा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे आपले निवेदन ठेविताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाची तक्रार केली आणि शिक्षकांस चांगले शिक्षण व चांगला पगार मिळाला पाहिजे असे आग्रहाने मांडले. ज्या वर्षी हे निवेदन झाले त्या वर्षी दीक्षित ठाण्यास मास्तर होते. तेव्हा त्यांचे कार्य मोजताना ते कोणत्या बाकावर बसून झाले हे विसरता कामा नये.

त्यांची पहिली नेमणूक रेवदंड्याच्या मराठी शाळेत झाली. रेवदंडा म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले, पोर्तुगिजांच्या जुन्या किल्ल्याचे गाव. तेथे त्यांनी १८७४ पासून सुमारे सहा वर्षे काढली. ह्याच किनाऱ्यावर दक्षिणेस नांदगाव म्हणून गाव आहे. तेथील गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ नावाचा ग्रंथ रचिला होता आणि महाराष्ट्रातील जोशी शतकानुशतके त्यावरूनच पंचांग करीत आले होते. किचकट आकडेमोड सोपी करून टाकणारा तो ग्रंथ होता व त्याच्या कर्त्याविषयी दीक्षितांस फार आदर वाटे. परंतु कोणतेही कोष्टक कितीही कौशल्याने केलेले असो, शेकडो वर्षांनी त्यात अंतर पडावयाचेच. घड्याळ उत्तम असले तरी त्यास मधूनमधून किल्ली देऊन सूर्याशी ताडून पाहावे लागते, तसाच हा प्रकार.

रेवदंड्यास असताना, १८७६ साली, दीक्षितांचे ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नावावरूनच कळेल की, ते मुलांसाठी होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दीक्षितांनी आरंभ विद्वानांसाठी लिहिण्यापासून केला नाही. वर्गातील मुलांसाठी लिहिण्यापासून केला.

१८८० साली त्यांची बदली ठाण्यास झाली व १८८२ पर्यंत ते येथील मराठी शाळेचे मुख्य शिक्षक होते. त्या वेळचे ठाणे आजच्यासारखे अफाट नव्हते. तलाव, कौलारू घरे, जिल्ह्याच्या कचेऱ्या, जुन्या किल्ल्यात तुरुंग आणि आगगाडीचे स्टेशन, असा त्याचा पसारा. तरी गाव जागे होते. ‘अरुणोदय’ हे मराठी वृत्तपत्र येथून १८६६ पासून निघत होते आणि आगगाडीमुळे मुंबईची पुस्तके व मासिके हाताशी आली होती. १८८२ मध्ये दीक्षितांचे ‘सृष्टिचमत्कार’ हे पुस्तक बाहेर पडले. पुढे १८९२ साली त्यांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे आकाशाची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. शास्त्रीय पुस्तकास ‘मौज’ असे नाव देण्यास शिक्षकाचेच मन लागते. दिवसभर राबलेला माणूस रात्री अंगणात बसला असता त्याने वर पाहावे आणि त्यास दोन घटका आनंद व्हावा, हा त्या नावाचा अर्थ.

आता दीक्षितांचा मुख्य प्रश्न कोणता होता ते सांगतो.

वर्ष म्हणजे काय? कोणी म्हणेल, सूर्य आकाशात एक फेरा करून परत जागेवर येतो तो काळ म्हणजे वर्ष. परंतु कोणत्या जागेवर? एका मापाने पाहिले तर सूर्य त्याच ताऱ्याजवळ परत आला की वर्ष पुरे होते. दुसऱ्या मापाने पाहिले तर दिवस व रात्र समान होण्याचा क्षण, म्हणजे वसंतसंपात, परत आला की वर्ष पुरे होते. ही दोन वर्षे एकच असती तर वाद उरला नसता. पण पृथ्वी ही भोवऱ्यासारखी आहे. भोवरा फिरता फिरता त्याची आरी डुलते, तशी पृथ्वीची आसही डुलते. मात्र तिचे एक डुलणे पुरे होण्यास सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात. त्यामुळे संपाताची जागा ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकते. ह्यास अयनचलन म्हणतात. संपातावरून मोजलेले वर्ष सायन, ताऱ्यावरून मोजलेले ते निरयन.

सायन वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे व सुमारे ४६ सेकंदांचे आहे. सूर्यसिद्धांतातील वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे व सुमारे ३६ सेकंदांचे आहे. वजाबाकी करा: अंतर सुमारे २४ मिनिटांचे. दिवसाची मिनिटे १४४०. त्यांस २४ ने भागिले की ६० येतात. म्हणजे दर साठ वर्षांनी पंचांगातील ठरलेला दिवस ऋतूंच्या मानाने एक दिवस पुढे जातो. एका माणसाच्या आयुष्यात एक दिवस कोणास जाणवणार? परंतु हजार वर्षांत सोळा-सतरा दिवस होतात. मकरसंक्रांत हा उत्तरायणाचा दिवस समजला जातो; पण आकाशात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरास, आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीस. दीक्षितांच्या काळी ती १२ जानेवारीच्या सुमारास येत असे. पणजोबांच्या वेळची एखादी जुनी वही कोणाच्या घरी असेल तर त्याने ती उघडून पाहावी. अयनचलनाचा पुरावा हाती येईल.

आमच्या ख्रिस्ती वाचकांनी येथे हसू नये. हीच अडचण ख्रिस्ती मंडळीसही एकदा आली होती. ईस्टरचा सण २१ मार्चच्या दिवशी अगर त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी पाळावयाचा असा नियम आहे व ही २१ मार्च म्हणजे समान दिनरात्रीचा दिवस, असे प्राचीन काळी धरले होते. परंतु रोमन पंचांगातील वर्ष खऱ्या वर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी लांब होते. सोळाव्या शतकापर्यंत चूक साठत साठत समान दिनरात्र ११ मार्चवर आली. तेव्हा १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर धरण्यात आली आणि दहा दिवस पंचांगातून गाळले गेले. पोर्तुगालने हे लागलीच स्वीकारले. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत ऐकले नाही. ह्याचा परिणाम आपल्या दारात दिसत असे. मुंबई इंग्रजांकडे आली तेव्हा ठाणे व वसई पोर्तुगिजांकडे होती. खाडीच्या अलीकडे व पलीकडे, एकाच दिवशी, ख्रिस्ती लोकच दहा दिवसांच्या अंतराने तारखा लिहीत असत! पूर्वेकडील कित्येक ख्रिस्ती मंडळ्या अजूनही जुन्या गणनेने ईस्टर पाळतात. तेव्हा पंचांग दुरुस्त करणे गणिताने सोपे, पण माणसांच्या मनाने अवघड, हा धडा कोणत्याही एका धर्माचा नाही.

दीक्षितांचे मत असे झाले की, आपली धर्मकृत्ये ऋतूंशी बांधलेली आहेत. तेव्हा पंचांगही ऋतूंशी जुळणारे, म्हणजे सायन असले पाहिजे. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक हे दोघे विद्वान ह्याच मताचे होते. ह्या तिघांच्या खटपटीने १८८४ पासून सायन पंचांग निघू लागले. त्यापूर्वी केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवरून पंचांग सुधारण्याचे काम आरंभिले होतेच; पण त्यांनी वर्ष निरयनच ठेविले होते. विरुद्ध पक्षाचे म्हणणेही अगदी पोकळ नव्हते. नक्षत्रांची नावे ताऱ्यांस चिकटलेली आहेत, ती ताऱ्यांपासून सोडविली तर आकाश व पंचांग यांची फारकत होईल, असे ते म्हणत. वाद पुष्कळ झाला. लोकांनी सायन पंचांग घरात घेतले नाही. परंतु लोक मानीत नाहीत म्हणून दीक्षितांनी आपला आकडा बदलला नाही, आणि आपला आकडा खरा म्हणून लोकांस शिव्याही दिल्या नाहीत. त्यांनी एवढेच केले की, हा प्रश्न मुळापासून समजावा म्हणून पंचांगाचा सगळा इतिहास शोधण्यास ते लागले.

१८८२ साली त्यांची बदली सोलापूर जिल्ह्यात बार्शीस झाली व तेथील इंग्रजी शाळेत ते शिक्षक झाले. ठाणे मुंबईच्या शेजारी तरी होते. बार्शी कोठल्या कोठे. तरी ह्याच काळात त्यांची कीर्ती हिंदुस्थानाबाहेर गेली. ती गोष्ट अशी.

गुप्त राजांचे शिलालेख सापडले होते आणि त्यांत ‘गुप्त संवत अमुक’ असे वर्ष लिहिलेले होते. पण तो संवत कधी सुरू झाला ह्याविषयी विद्वानांत मतभेद होता. कोणी त्याचा आरंभ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नेत, कोणी चौथ्या शतकात आणीत. म्हणजे सबंध राजवंशच दीडशे वर्षे मागेपुढे होत असे. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉन फ्लीट हे त्या लेखांचा मोठा संग्रह तयार करीत होते. मध्यप्रदेशात एरण येथे एका स्तंभावर बुधगुप्त राजाच्या वेळचा लेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, वार गुरुवार, असे स्पष्ट दिले आहे. अल्बेरूनीने गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला असे लिहून ठेविले होते. १६५ मध्ये २४१ मिळविले की शके ४०६ होतात. त्यात ७८ मिळविले की इसवी सन ४८४ येते. आता त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीस कोणता वार होता? दीक्षितांनी गणित केले. उत्तर आले, २१ जून ४८४, वार गुरुवार. जुळले!

चतुर विद्यार्थी येथे शंका काढील की, वार सातच. सातांत एकदा योगायोगानेही जुळेल. शंका रास्त आहे. म्हणूनच एका लेखावर थांबून चालत नाही. दोन लेखांचे वार योगायोगाने जुळण्याचा संभव एकोणपन्नासांत एक आणि तीन लेखांचे जुळण्याचा संभव तीनशे त्रेचाळिसांत एक. दीक्षितांनी एकामागून एक लेख तपासले, निरनिराळ्या मतांनी गणित करून पाहिले आणि ३१९-३२० हा आरंभ पक्का होण्यास मोठे साह्य केले. फ्लीटसाहेबांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला, त्यात दीक्षितांच्या गणितास मानाचे स्थान आहे. आज इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात चंद्रगुप्त, समुद्रगुप्त यांच्या नावांपुढे जे सन आपण पाठ करतो, त्यांच्या पायाशी एका मास्तरांची आकडेमोड आहे.

ह्याच सुमारास दीक्षितांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांस वाटण्यात येणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून पुढे मराठी ग्रंथांस बक्षिसे देण्याची व्यवस्था झाली होती. त्या दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर निबंध मागविला होता. दीक्षितांनी १८८८ साली लिहून पाठविलेल्या निबंधास ते बक्षीस मिळाले. त्यात भर घालीत घालीत १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ छापून निघाला. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंत आकाशाविषयी ह्या देशात जे जे लिहिले गेले ते त्यांनी शक्य तेथे मूळ पोथ्या पाहून तपासले. कोणता ज्योतिषी कोणत्या गावचा, कोणत्या शकात झाला, त्याने वर्ष किती धरिले, त्याचे वेध कितपत खरे, हे सारे त्यात आहे. ज्याने चांगले केले त्यास श्रेय दिले आहे; ज्याने नुसती नक्कल केली त्याचीही नोंद आहे. आणि हा सबंध ग्रंथ मराठीत आहे. दीक्षितांस इंग्रजीत लिहिता येत होते, त्यांचे इंग्रजी निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ ह्या मासिकात येत होते. तरी आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्यांनी आपल्या मुलखातील माणसांच्या भाषेत ठेविले.

त्यांचा एक शोध तर मुलांनी स्वतः ताडून पाहावा असा आहे. शतपथ ब्राह्मणात एके ठिकाणी म्हटले आहे की, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. कित्येकांनी हे वाक्य वाचले होते आणि पुढे गेले होते. दीक्षित तेथे थांबले. पूर्व दिशेपासून न ढळणे म्हणजे बरोबर पूर्व बिंदूवर उगवणे. आणि तसा उगवणारा तारा विषुववृत्तावर असला पाहिजे. आज कृत्तिका ठाण्याहून पाहिल्या तर पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे उगवतात. मग त्या बरोबर पूर्वेस कधी उगवत होत्या? अयनचलनाच्या गणिताने उत्तर आले, इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. हा निबंध १८९५ साली प्रसिद्ध झाला. त्या एका वाक्यावरून ग्रंथाचा काळ ठरवावा की नाही, ते वाक्य जुन्या आठवणीचे असेल की काय, ह्याविषयी विद्वानांनी पुढे पुष्कळ वाद घातला आणि तो अद्याप मिटलेला नाही. परंतु वाद घालणाऱ्यांसही दीक्षितांनी विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावे लागते. हेच चांगल्या प्रश्नाचे लक्षण होय.

बार्शीनंतर ते धुळ्यास ट्रेनिंग स्कूलात शिक्षक झाले आणि १८९४ च्या सुमारास पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. ज्या संस्थेत विद्यार्थी म्हणून बसले होते, तेथेच भावी मास्तरांस शिकविण्यासाठी उभे राहिले. १८९६ साली मद्रास इलाख्यातील अधिकारी रॉबर्ट सिव्हेल यांच्याबरोबर लिहिलेला ‘इंडियन कॅलेंडर’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनास प्रसिद्ध झाला. हिंदी तिथीवरून इंग्रजी तारीख कशी काढावी, ह्याची कोष्टके त्यात आहेत. जुने ताम्रपट व शिलालेख वाचणाऱ्यांस त्याने पुढे कितीतरी वर्षे आधार दिला. परंतु दोन मोठे ग्रंथ एका वर्षी जगापुढे ठेवणाऱ्या ह्या माणसास पुढे फार दिवस मिळाले नाहीत. २० एप्रिल १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मृत्यूने माणूस जातो, पण तपासून ठेविलेला आकडा राहतो. स्वातंत्र्यानंतर देशातील नाना पंचांगांचा विचार करण्यासाठी शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताचे राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्याचे वर्ष सायन आहे. चैत्राचा पहिला दिवस वसंतसंपाताच्या लगोलग येतो. ज्या मापासाठी १८८४ साली तिघे जण भांडत होते, तेच माप त्र्याहत्तर वर्षांनी सरकारने पत्करले. घरोघरचे सण अजून निरयन मानानेच होतात, हेही खरे. दीक्षितांच्या मराठी ग्रंथाचे पुढे हिंदीत व इंग्रजीतही भाषांतर झाले. मराठी शाळेच्या मास्तराचे पुस्तक वाचण्यासाठी इतरांस भाषांतर करून घ्यावे लागले, ह्यात आपल्या भाषेचा गौरव आहे.

आता पालकांस दोन शब्द. मुलाने शिक्षक व्हावयाचे म्हटले की पुष्कळ घरांत मुद्रा उतरते, हे आम्ही ह्या धंद्यात असल्यामुळे जाणतो. मोठे शहर नाही, मोठी पदवी नाही, मोठा पगार नाही, मग हातून काय होणार, असे विचारले जाते. दीक्षितांचे चरित्र हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. मात्र ते उत्तर सोपे नाही. गरिबी व एकांत ह्यांनी माणूस मोठा होतो असे आम्ही म्हणत नाही. दीक्षितांस दुर्बीण, ग्रंथालय आणि सवड लाभली असती तर ते आणखी किती करते, हा विचार मनास लागून राहतो. आणि चांगल्या शिक्षकास साधने देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, हेही त्यातून निघते. परंतु साधने येईपर्यंत हात जोडून बसावे असेही त्यांनी मानले नाही. पवित्र शास्त्रातील त्या दाखल्यात धन्याने सेवकांस कमीजास्त रक्कम दिली होती. ज्यास थोडे मिळाले त्याने ते जमिनीत पुरून ठेविले, हा त्याचा दोष ठरला. दीक्षितांनी आपले थोडे पुरून ठेविले नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस उपदेशाऐवजी एक काम सांगतो. शाळेच्या अगर घराच्या गच्चीवरून जेथून पूर्वेकडील क्षितिज दिसते अशी एक जागा निवडा. ठाण्यास पारसिकचा डोंगर, कल्याण-डोंबिवलीकडे मलंगगडाची रांग खुणेस बरी पडेल. महिन्यातून दोन वेळा, त्याच जागी उभे राहून सूर्य कोठे उगवला त्याची खूण वहीत काढा व शेजारी तारीख लिहा. डिसेंबर महिन्यात मात्र दर चार दिवसांनी पाहा. सूर्याची जागा दक्षिणेकडे सरकता सरकता एके दिवशी थांबल्यासारखी दिसेल आणि मग उलट फिरेल. तो दिवस कोणता, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत संक्रांत केव्हा आहे, हे शेजारी शेजारी लिहून मधले दिवस मोजा. जो आकडा येईल तो आम्हांस आणून दाखवा. पण तो कोणास विचारून लिहू नका. स्वतः मोजा.